वारं गेलेला पाय: कॅलिपर ते स्प्लिंट

पक्षाघाताला आपल्या जालना भागात आजही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. वारं आलं आणि हातपाय घेऊन गेलं. मग तेल, शेक, कुणी सांगितलं म्हणून कबुतराचं रक्तसुद्धा. पाय मात्र ‘गेला’, असं घरानं मनाशी धरलेलं असतं. हा समज आला कुठून आणि टिकला कसा, ते आज आपण बघू.

वाऱ्याचा दोष जुना आहेच. पण त्याला बळ मिळालं पोलिओमुळे, असं आमचं मत आहे. लुळ्या पायाचं आधुनिक शास्त्र आपल्याकडे पोलिओच्या मुलांबरोबर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, १९५३ला तिथेच फिजिओथेरपीचं सुरू झालं, मग हाजी अलीची संस्था उभी राहिली. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात! १ नोव्हेंबर १९५६ला आपण मुंबई राज्यात आलो, तरी मीटरगेजनं मनमाड गाठून गाडी बदलावीच लागे. पोरगं कडेवर घेऊन जाता येतं. साठीच्या आजोबांना कोण नेणार?

त्यामुळे गावानं पाहिला तो कॅलिपर. दोन लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट. १९८१ साली, म्हणजे १ मेला जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, केंद्राची ‘एडिप’ योजना आली आणि अपंगांना अशी साधनं देण्याला सरकारी पाठबळ मिळालं. कॅलिपर एकदा चढला की जन्माचा, हे लोकांच्या डोक्यात बसलं.

पोलिओपुरतं ते बरोबरही होतं. पोलिओत मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशीच मरतात. पक्षाघातात बिघाड मेंदूत असतो. कमरेपासून पावलापर्यंतची नस आणि स्नायू जिवंत असतात, हुकूम तेवढा पोचत नाही. १९६१ साली लिबरसन या डॉक्टरांनी हे चालवूनच दाखवलं. रुग्णाची टाच उचलली की बुटातलं बटण सुटायचं, गुडघ्याखालच्या नसेला विजेचा हलका झटका बसायचा आणि लोंबणारं पाऊल वर यायचं.

पाय जिवंत आहे म्हटल्यावर पट्टीचं कामच बदललं. पॉलिप्रॉपिलीनची हलकी स्प्लिंट पाऊल काटकोनात धरते, बोटं जमिनीला अडकत नाहीत, माणूस चालू शकतो. आणि चालणं हाच मोठा व्यायाम. सोबत पोटरीला ताण, खुर्चीतून उठ-बस, दुबळ्या पायावर भार, पाऊल वर ओढायचा प्रयत्न, तेही रोज, अनेकदा. मेंदू पुन्हा शिकतो तो सरावानं. सगळ्यांचं पाऊल पूर्ण परत येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण ‘वारं उतरेल’ म्हणून पाय नुसता पडून राहिला, तर पोटरी आखडते, टाच टेकेनाशी होते, मग स्प्लिंटही नीट बसत नाही.

यावर वाद झाले नाहीत असं नाही. लंडनच्या बोबाथ दांपत्याच्या पठडीत पट्ट्या फारशा पसंत नव्हत्या. पट्टीनं पाय आळशी होईल, अशी धास्ती. आपल्याकडे अडचण वेगळीच. स्प्लिंट बसते बुटात, आणि आपल्या चपला उंबऱ्याबाहेर. घरात आलं की स्प्लिंट खुंटीला. बाई असेल तर तिचा दिवसच घरात जातो, म्हणजे स्प्लिंट वापरणार कधी? त्यासाठी मागे पट्टा असलेल्या सँडलचा एक जोड फक्त घरात वापरायला ठेवायचा, आणि तो देवघरासमोर चालेल की नाही हे घरानं आधीच ठरवून टाकायचं.