गोधडीतील ऊन-सावली



इतिहासावर बोलायला उभा राहिलेला माणूस राजांच्या सनावळीपासून सुरुवात करील, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु माझे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून मी सुरुवात करतो ती एका गोधडीपासून.

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत कामगारांचे एक धरणे क्रांती चौकात रात्रभर चालले होते. जेथील काळा चबुतरा १८५७ च्या जूनमध्ये या शहरात बंड करून उठलेल्या आणि त्यापायी प्राणांस मुकलेल्या घोडदळाच्या शिपायांची आठवण देतो, तोच हा चौक. एका सोबत्याच्या आईने खेड्याहून गोधडी पाठवली होती. ती आम्ही तिघांनी पाळीपाळीने पांघरली. रस्त्यावरच्या दिव्याखाली ती अगदी मळकट, एकरंगी दिसत होती. सूर्य वर आला, तिरपे ऊन तिच्यावर पडले आणि काय आश्चर्य, चौकोनात चौकोन असे सबंध रान नांगरल्यासारखे उमटले. दुपारी बारा वाजता पाहावे तर पुन्हा सारे सपाट!

याचे कारण साधे आहे. गोधडीत जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालतात आणि धावदोऱ्याने ते एकत्र बांधतात. कडेपासून सुरुवात करून आत आत येत बाई मध्यावर दोरा संपवते. दोरा ओढला की टाक्याची ओळ खाली दबते व दोन ओळींमधले कापड फुगून वर येते. तिरप्या उजेडात फुगवट्यावर ऊन आणि ओळीत सावली पडते. म्हणजे गोधडीवरील ही ऊन-सावली रंगाने केलेली नसते, ती हाताने केलेली असते.

रंगाचीही विद्या त्या बाईपाशी असते. विटक्या धोतराशेजारी गर्द इरकलीचा तुकडा, त्याच्या कोपऱ्याला खणाचे ठिगळ, ही मांडणी आंधळेपणाने होत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणला विणकर उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा घेऊन ‘धूपछाव’ वस्त्र विणतात. पदर हलला की रंग पालटतो. त्या पैठणीचा इतिहास लिहिला गेला, कारण ती श्रीमंतांच्या अंगावर होती. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छाया दाखवण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत. त्यांतली एक ‘बिंदुज’, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी छाया भरण्याची. अजिंठ्याच्या चित्रांतील गोलाई समजून घेताना अभ्यासक या ग्रंथाकडे वळतात. आमच्या आया-बहिणींनी तो ग्रंथ पाहिलाही नसेल, परंतु टाका हाही ठिपकाच नव्हे काय?

परदेशातही असेच आढळते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात आमिश पंथाच्या शेतकरी स्त्रिया लहान चौकोनी तुकडे फिक्याकडून गडदाकडे लावून जी रजई करतात, तिचे नावच ‘ऊन आणि सावली’ अशा अर्थाचे आहे. अलाबामा प्रांतात तर १९६६ साली, मतदानाच्या हक्काची चळवळ चालू असताना, गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. त्यांच्या रजया न्यूयॉर्कात लिलावाने विकल्या गेल्या आणि पैसा शिवणाऱ्यांच्या घरी आला. मला त्या रजयांइतकीच त्यांची ती संस्था मोलाची वाटते.

आता आपल्याकडेही गोधडी दिवाणखान्याच्या भिंतीवर चढू लागली आहे. आनंदाची गोष्ट आहे. मात्र हिशेब करून पाहू. ५ फूट रुंद व ७ फूट लांब गोधडी, अर्ध्या इंचावर एक ओळ, इंचाला ३ टाके. १२० ओळी झाल्या, प्रत्येकीत २५२ टाके. एकूण ३०,२४० टाके! एवढ्या टाक्यांवर किती दिवस गेले आणि त्यांची रोजी काय पडली, हे विकत घेताना कोणी विचारतो काय?

कोणी म्हणेल, गोधडी ही मायेची वस्तू, तिला मजुरी कसली लावता? नातवासाठी शिवलेल्या गोधडीला मजुरी लावू नये, हे मलाही मान्य. परंतु तीच बाई परक्याच्या बाजारासाठी शिवू लागली की ती कामगार झाली, मग तिचा कारखाना ओसरीवर का असेना. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरबसल्या काम करणाऱ्यांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार केला. त्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे, हेच त्याचे सार आहे. माया आहे म्हणून मोबदला कमी, हा न्याय आपण सोनाराला लावत नाही, गवंड्याला लावत नाही, मग तो शिवणाऱ्या बाईलाच का?

ज्याने इतिहास पाहायचा त्याने उजेड तिरपा धरावा, एवढे मी त्या गोधडीपासून शिकलो. डोक्यावरच्या उजेडात कापड दिसते, पण श्रम दिसत नाहीत.

धरणे संपल्यावर गोधडी परत करायला मी स्वतः त्या गावी गेलो. माझा तीस हजार टाक्यांचा हिशेब आजींना ऐकवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मोजीत बसले असते, तर लेका, शिवून कधी झाली असती?” खरे आहे, त्यांनी मोजायचे कारण नव्हते. मोजायचे ते आपण. यापुढे गोधडी घेताना शिवणारीचे नाव विचारा, तिच्या हाती किती पडले तेही विचारा, आणि विकणारा गप्प बसला तर तेथून हलू नका.