बसल्या जागी गवत

वाढलेल्या गवताचं करायचं काय, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वीच सापडलं होतं. त्या उत्तराला चार पाय आणि दोन शिंगं असतात आणि ते सकाळ-संध्याकाळ दूध देतं. गवताला खतपाणी घालून वाढवायचं, वाढलं की कापायचं, कापलेलं फेकून द्यायचं आणि ते पुन्हा वाढावं म्हणून पुन्हा खत घालायचं, हे सुचायला जातिवंत इंग्रजच हवा. त्यातही सुरुवातीला ही चैन बड्या जमीनदारांची. त्यांच्या हिरवळीवर लांब दांड्याचे विळे घेतलेले मजूर भल्या पहाटे उतरत, कारण दवाने ओलं झालेलं गवत बरं कापलं जातं. पात्याला धार लावायचा दगड प्रत्येकाच्या कमरेलाच असे. धार गेली, की उभ्या उभ्या चार हात दगड फिरवायचा. संपलं मेंटेनन्स!

या सुखी संसारात बिब्बा घातला तो एडविन बडिंग या गृहस्थाने. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड गावचा हा कारागीर. तिकडे लोकरीच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर उभे राहिलेले तंतू भादरायला गिरणीत फिरत्या पात्यांचा रूळ असे. त्याच्याकडे पाहून बडिंगच्या मनात आलं, की जे कापडाचं तेच गवताचं. 31 ऑगस्ट 1830 रोजी त्याने पेटंट घेतलं. लोक वेडा म्हणतील म्हणून तो रात्रीच्या अंधारात यंत्र चालवून बघायचा, अशी एक आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे, पण बायकोला नकळत काही नवं आणणाऱ्या कोणालाही ती पटावी.

यंत्र 19 इंच रुंदीचं पातं घेऊन चाले आणि सगळा कारभार लोखंडाचा. मागून एकाने ढकलायचं आणि जड जातंय असं वाटलं तर पुढच्या मुठीला धरून दुसऱ्याने ओढायचं. माझ्या लहानपणी पुण्यात एका क्लबाच्या मैदानावर मी हाच प्रकार पाहिला आहे: मागे माळी, पुढे दोरी खांद्यावर घेतलेला त्याचा पोरगा. सव्वाशे वर्षांत फरक एवढाच, की मुठीच्या जागी दोरी आली होती. सभ्य गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवलं तर त्यांना करमणूक, उपयोग आणि आरोग्य असा तिहेरी लाभ होईल, असं पेटंटातच सुचवलेलं होतं. जाहिरातीची भाषा तेव्हाही आजच्याइतकीच प्रामाणिक होती म्हणायची. पहिल्या गिऱ्हाइकांमध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातलं प्राणिसंग्रहालय होतं. म्हणजे आवारात गवत खाणाऱ्यांची एवढी वस्ती असताना!

पण या बडिंगबद्दल मला खरा आदर वाटतो तो दुसऱ्याच कारणाने. स्क्रू फिरवून जबडा कमी-जास्त करायचा जो पाना असतो, त्याचा एक सुधारलेला नमुनाही याच्या नावावर आहे. आधी यंत्र काढलं आणि मग ते खोलायला पाना. भविष्य स्वच्छ दिसलेला माणूस!

पुढे 1842 मध्ये स्कॉटलंडातल्या आर्ब्रोथच्या शँक्सने तट्टाने ओढायचं यंत्र काढलं. हिरवळीवर टापांचे ठसे उमटू नयेत म्हणून अशा घोड्यांना चामड्याचे बूट घालत. (मला स्वतःला सातवीपर्यंत बूट नव्हते, पण ते असो.) मग कोणी दात्यांच्या चक्रांऐवजी साखळी बसवली, म्हणजे तिला तेल देणं आणि ती ताणणं आलं. 1893 च्या सुमाराला लँकेशरमधल्या लेलँड गावच्या जेम्स सम्नरने तर वाफेचं इंजिनच बसवलं. आता गवत कापायच्या आधी कोळसा घाला, पाणी भरा, वाफ धरेपर्यंत वाट पाहा. गवत तेवढ्यात आणखी वाढत असणार. या सम्नरच्याच धंद्यातून पुढे लेलँड मोटर्स उभी राहिली आणि आपल्याकडच्या अशोक लेलँडच्या नावातलं लेलँड ते तेच. गावाकडच्या घाटात धापा टाकणाऱ्या लेलँड गाडीचा खापरपणजोबा साहेबाच्या अंगणात गवत कापत होता, हे कळल्यापासून माझा त्या गाडीवरचा राग बराच निवळला आहे. 1902 मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारं यंत्र विक्रीला आणलं आणि वाफेचं प्रकरण हळूहळू मिटलं.

अमेरिकेत मात्र शहाणपण अधूनमधून डोकं वर काढत होतं. पहिल्या महायुद्धात, 1918 साली, अध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर चक्क मेंढ्या सोडल्या. माळ्यांची माणसं वाचली आणि लोकरीच्या लिलावातून रेडक्रॉसला पन्नास हजार डॉलरच्या वर मदत मिळाली. इतका किफायतशीर लॉन-मोअर पुन्हा झाला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनची घरं उभी राहू लागली. एकासारखं एक घर, पुढे हिरवळ, आणि हंगामात ती दर आठवड्याला कापलीच पाहिजे असा नियम. न कापल्यास बांधणारी कंपनी माणूस पाठवून कापून घेई आणि बिल घरमालकाला धाडी. जमीनदाराची चैन आता कारकुनाची सक्ती झाली. तीही उभ्याने. मग 1961 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट आला, 1963 मध्ये जॉन डिअरचा 110 आला, आणि पायी चालणारा तो बिचारा सात-आठ अश्वशक्तीच्या आसनावर स्थानापन्न झाला.

अशाच एका आसनाचा नवा कोरा अवतार माझ्या मुलाच्या ओहायोतल्या गॅरेजात उभा आहे. घराभोवती एक एकर हिरवळ, म्हणजे चाळीस गुंठे! एवढ्या जमिनीवर आमच्या गावी दोन पिढ्यांचं कोर्ट चालतं. मी पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्सला काढलेली असल्यामुळे यंत्राचं पुस्तक आपोआप माझ्या ताब्यात आलं. वाचता वाचता लक्षात आलं, की जवळजवळ दोनशे वर्षांत गवत कापायचे कष्ट कमी झालेले नाहीत, ते फक्त हिरवळीवरून गॅरेजात हलले आहेत. नव्या इंजिनाचं पहिलं तेल पाच-दहा तासांतच बदला, कारण नवे भाग एकमेकांवर घासून धातूचा चुरा तेलात उतरतो. हवेची जाळी झटका. पात्यांवरच्या झाकणाखाली ओल्या गवताचा थापा बसतो, तो खरवडा, नाहीतर पत्रा गंजतो. पात्याला धार लावल्यावर ते मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्याला अडकवा. एक बाजू खाली झुकली तर ती जड, तिकडचं थोडं आणखी घासा, नाहीतर सगळं यंत्र थडथडतं. तिकडच्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि हिवाळाभर टाकीत राहिलं की कार्बुरेटरमध्ये चिकटा धरतो. शिवाय थंडीत इंजिनाच्या झाकणाखाली उंदीर बिऱ्हाड करतात, हेही. आणि पात्याला हात लावायच्या आधी प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. हे वाक्य पुस्तकात सात ठिकाणी आहे आणि मला विचाराल तर आठव्या ठिकाणीही चाललं असतं.

मशीन तिसऱ्याच आठवड्यात रुसलं. गंमत अशी, की मुलगा बसला की झकास चाले. मी बसलो की पहिल्या उंचवट्यापर्यंत ठीक, आणि तिथे इंजिन फट्दिशी बंद.

"बाबा, तुम्ही काहीतरी दाबताय," मुलगा म्हणाला.

"अरे, माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत."

"बाबा टूरिस्ट व्हिसावर आहेत, हे त्याला कळलं असेल," सूनबाई खिडकीतून म्हणाल्या.

पेट्रोल ताजं, जाळी स्वच्छ, प्लगची ठिणगी सणसणीत. मग उरलं आसन. आसनाखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना माणूस उठला किंवा पडला, की तो इंजिन बंद पाडतो. माझं वजन बावन्न किलो. उंचवट्यावर मी जरासा उडालो की यंत्राच्या लेखी आसन रिकामं! मुलगा ब्याण्णव किलोचा. तो उडतच नाही.

शेजारचे गृहस्थ मदतीला आले. भला माणूस. म्हणाले, त्यात काय, स्विचची वायर कापून दोन टोकं जोडून टाका, पुष्कळजण तसंच करतात. मुलाने पक्कड उचललीदेखील. मी ती त्याच्या हातातून घेतली. आमच्या कारखान्यात एका प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय प्रेस खाली यायचा नाही. काम भराभर उरकावं म्हणून एका कामगाराने एक बटण लाकडाची खुंटी मारून कायमचं दाबून ठेवलं. दुसऱ्या पाळीचा पोरगा, वय बावीस, त्याला त्या खुंटीचा पत्ताच नव्हता. उजव्या हाताची तीन बोटं गेली. लग्न ठरलेलं होतं. ती खुंटी मी स्वतः उपटली होती, पण दुसऱ्या दिवशी. हे मी मुलाला मराठीत सांगितलं आणि शेजाऱ्यांना जमेल तशा इंग्रजीत. खुंटीला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मला आठवेना, तेव्हा हाताने करून दाखवली. ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, माझ्या मशीनची वायर मी गेल्याच वर्षी जोडली आहे. नातवंडं येत असतात का, असं मी विचारलं. उत्तर न देता ते घरी गेले.

आमचं दुखणं पुस्तकाच्या बाविसाव्या पानावर निघालं. आसनाखालच्या दोन स्प्रिंगा वजनाप्रमाणे पुढे-मागे सरकवता येतात. त्या आम्ही माझ्या मापाला आणल्या, स्विचच्या वायरची टोपी थोडी सैल होती ती नीट खोचली, आणि मी चाळीस गुंठ्यांना सलग चार फेऱ्या मारल्या. आता मुलगा बसला की आसन थेट तळाला टेकतं. म्हणून शनिवारचं गवत माझ्याकडे आलं आहे. शेजाऱ्यांचं मशीन गॅरेजाबाहेर उलथं करून ठेवलेलं दिसतंय आणि ते परवापासून आमचा पाना मागून नेताहेत. परत काही केलेला नाही.