हंगाम बंद असताना



आमच्या भवानीनगरला 'ऑफ सीझन' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यालाही तो ठाऊक असतो. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम संपला, रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या थांबल्या, की ऑफ सीझन लागतो. बाहेरच्या माणसाला वाटते, कारखाना झोपला. आत मात्र यंत्रे उघडून दुरुस्ती चाललेली असते, आणि शेतकी खात्यात पुढच्या वर्षीच्या तोडणीचे करार होत असतात. कोणता मुकादम किती कोयते आणणार, कुणी उचल घेतली, कुणी शेजारच्या कारखान्याची जास्तीची उचल पाहून तिकडे पाय वळवला, याची चर्चा चहाच्या टपरीवर रंगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, मोळी पडते, तेव्हा हंगाम सुरू झाला असे आपण म्हणतो. खरे तर तो कसा जाणार, हे बरेचसे पावसाळ्यातच ठरलेले असते.

खेळाचेही असेच असते. आज मी तुम्हाला खेळाच्या अशाच एका बंद हंगामाबद्दल सांगणार आहे. त्यासाठी आपल्याला इथून कोल्हापूरला जावे लागेल. आपल्या इंदापूर-बारामतीकडची पोरे कुस्ती शिकायला कोल्हापूरच्या तालमीत जातात, तेव्हा ती वाट काही आपल्याला अनोळखी नाही.

कोल्हापूर म्हटले की कुस्ती, हे सगळ्यांना माहीत. पण त्या शहराचा जीव जितका कुस्तीत आहे, तितकाच फुटबॉलमध्येही आहे. विश्वचषकाच्या दिवसांत तिथल्या पेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. सामन्यांचा मोसम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्याअखेर आटोपतो. शाहू स्टेडियमवर हजारो माणसे बसतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, अशी संघांची नावे आहेत. पेठेतल्या माणसाला आपला संघ म्हणजे घरचे कार्य वाटते. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे लोकांच्या तोंडची केएसए, या सगळ्याचा कारभार पाहते.

सामने संपतात, मैदानावर पाऊस पडू लागतो, आणि मग खरी चर्चा सुरू होते. तालमीच्या पायरीवर, पानाच्या ठेल्यावर, कट्ट्यावर एकच विषय. यंदा कोण आला? कोण गेला? आपला बचावफळीतला गडी समोरच्या पेठेने उचलला, हे खरे काय? गोलरक्षक नवीन घेणार की जुन्यावरच भागवणार? ते पोरगे गेल्या वर्षी बाकावर बसून होते, त्याच्या पायात आता जोर आलाय म्हणतात! खेळाडूंची नावे असोसिएशनकडे नोंदवायचे दिवस जवळ आले, की या बोलण्याला आणखी धार चढते. यातले निम्मे ऐकीव असते. पण ज्या शहरात माणसे पावसाळ्यातही पुढच्या मोसमाच्या संघाची काळजी करतात, तिथे खेळ निव्वळ करमणूक राहिलेला नसतो.

ही रीत जगभर आहे. अमेरिकेत महाविद्यालयांच्या फुटबॉल संघांचे असेच वेड आहे. त्यांचा फुटबॉल वेगळा, बराचसा हातात चेंडू धरून खेळायचा. कोणत्या शाळेतले कोणते पोर कोणत्या विद्यापीठाने घेतले, यावर तिथली माणसे वर्षभर बोलतात. शिकता शिकता विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची अधिकृत यादी ठेवण्याची व्यवस्था तिथे २०१८ पासून आली. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे मिळवायची मुभा मिळाली. तेव्हापासून तिथेही जुने शौकीन विचारू लागले, की हा पोरगा आमच्या विद्यापीठाचा की पैसे देणाऱ्याचा? आपल्या पेठेतला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एकच आहे. या गड्याला 'आपला' कधी म्हणायचे?

कोल्हापुरात या प्रश्नाला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो फुटबॉलच्या आधी कुस्तीत घडला.

राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. त्यांना स्वतःला कुस्तीचा नाद होता. १९०२ साली ते युरोपला गेले. रोममधले गोल बैठकीचे जुने क्रीडागार पाहून त्यांच्या मनात तसे मैदान बांधायचे आले, असे सांगतात. त्यातून खासबागचे मैदान उभे राहिले आणि १९१२ साली खुले झाले. मधोमध हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठेही बसा, कुस्ती दिसणार. आता त्या मैदानातली पहिली मोठी कुस्ती कुणाची, तर इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. दोघेही उत्तरेकडचे मल्ल. इमामबक्ष हा जगप्रसिद्ध गामाचा भाऊ. १९१० साली हे दोघे भाऊ लंडनला जाऊन तिथले आखाडे गाजवून आले होते.

विचार करा. राजा कोल्हापूरचा, माती कोल्हापूरची, पैसा रयतेचा, आणि उद्घाटनाला गडी मात्र दूरदेशचे. आजच्या कट्ट्यावरचा एखादा म्हणाला असता, आपली पोरे काय मेली होती? पण महाराजांचा हिशेब लांबचा होता. त्यांनी उत्तरेचे पैलवान नुसते लढायला आणले नाहीत. त्यांचे डाव, त्यांची मेहनत, त्यांचा खुराक इथल्या पोरांनी जवळून पाहावा म्हणून त्यांना आश्रय दिला. त्याच वेळी घरच्या तालमींनाही बळ दिले. बाहेरून आणायचे ते घरात शिकवण्यासाठी, असा तो व्यवहार होता.

त्याचे फळ दिसायला पिढी-दीड पिढी गेली. १९५९ साली पहिला हिंदकेसरी झाला तो कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीचा मल्ल, श्रीपती खंचनाळे. पुढच्याच वर्षी, १९६० साली, गणपत आंदळकर हिंदकेसरी झाले, ते मोतीबाग तालमीचे. दोघांनाही सारा महाराष्ट्र 'कोल्हापूरचे पैलवान' म्हणून ओळखतो. पण खंचनाळे मूळचे एकसंब्याचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातले. आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, म्हणजे सांगली जिल्ह्यातले. मग ते कोल्हापूरचे कसे झाले? जन्माच्या दाखल्याने नव्हे. त्यांनी पहाटे उठून त्या तालमीची माती उकरली, तिथल्या वस्तादाच्या पाया पडले, तिथल्या हौद्यात घाम गाळला, म्हणून ते कोल्हापूरचे झाले. तालमीने कुणाला गाव विचारले असेल ते ओळखीपुरते. आपले म्हणायची अट मेहनतीची होती.

कॉलेजच्या खेळाडूचेच उदाहरण हवे असेल, तर खाशाबा जाधवांचे घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होता. अंगाने लहानखुरा. कॉलेजच्या कुस्त्यांत त्याचे नाव घ्यायलाच आधी नकार मिळाला होता. तो थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेला, त्यांनी परवानगी दिली आणि त्याने समोरचे गडी एकामागून एक चीत केले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तिथे तो सहावा आला. आता १९४८ ते १९५२ ही मधली चार वर्षे पाहा. टाळ्या नाहीत, मैदान नाही, फक्त मेहनत. मातीवर वाढलेल्या मल्लाला गादीवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांची सवय करून घ्यायची होती. वर पैशांची चणचण. हेलसिंकीला जायच्या वेळी खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगावच्या लोकांनी आपापल्या परीने भर घातली. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग या माणसाने कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यातून प्राचार्यांचे पैसे फेडले.

ती मिरवणूक सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण पदक घडले ते मधल्या चार वर्षांत आणि एका गहाणखतात.

आता पुन्हा फुटबॉलकडे येऊ. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांना 'तालीम' का म्हणतात, याचे नवख्या माणसाला नवल वाटते. त्याचे कारण हेच, की पेठेतल्या पोरांनी एकत्र यायची जागा तालीम होती. कुस्तीबरोबर तिथे गणपती बसला, पंजा बसला, आणि पुढे फुटबॉलही आला. बाबूजमाल तालमीत तर २०१८ आणि २०१९ साली गणेशोत्सव आणि मोहरम जोडून आले, तेव्हा गणपती आणि पंजा एकाच छताखाली होते. कुणी त्याचा गाजावाजा केला म्हणून नव्हे, तिथली रीतच ती आहे म्हणून.

मी शब्दांवर पोट नसले तरी जीव ठेवणारा माणूस. मला 'दिलबहार तालीम मंडळ' या नावाचे फार अप्रूप आहे. 'दिलबहार' फारसी. 'तालीम' अरबी, अर्थ शिकवण. 'मंडळ' संस्कृत. खेळायचा खेळ इंग्रजांचा, आणि गोल झाला की उठणारी आरोळी अस्सल कोल्हापुरी. आपला पैलवान, आपला वस्ताद, आपली कुस्ती, आपला खुराक, हे सगळे शब्द कधी काळी फारसीतून चालत आले. आज त्यांना कोणी परके म्हणेल काय? ते मराठीच्या मातीत इतके घोळले, की मराठीच झाले. मी मराठीत कविता लिहितो. 'तुम्ही मराठी छान लिहिता हो' असे कौतुकाने म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्या 'तुम्ही'मध्ये बाकावर बसवलेल्या खेळाडूसारखे वाटते. म्हणून 'आपला कोण' हा कट्ट्यावरचा प्रश्न मला नुसता खेळाचा वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या मैदानावर बाहेरगावचे, बाहेरच्या राज्यांतले, अगदी नायजेरियातून आलेले खेळाडूही उतरले. शौकिनांत दोन तट पडले. एक म्हणतो, त्यांच्यामुळे खेळाचा दर्जा वाढला, आपल्या पोरांना वेग कळला. दुसरा म्हणतो, पैसा त्यांच्यावर जातो आणि पेठेतले पोर कडेला उभे राहून पाणी देते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. चर्चा तापली, की कधी कधी तोंडी शिव्या येतात, गॅलरीतून बाटल्या येतात. हुल्लडबाजीपायी सामने थांबवायची वेळही आलेली आहे. संघाच्या प्रेमाने बोलणारा माणूस समोरच्या खेळाडूच्या रंगावर, गावावर, धर्मावर घसरला, की त्या क्षणी तो शौकीन राहत नाही.

या दोन तटांना मी शाहू महाराजांचा जुना हिशेब सांगेन. बाहेरचा गडी आणावा, मानाने आणावा. पण तो आल्यामुळे पेठेतले पोर काय शिकले, हे विचारावे. मोसम संपल्यावर तो निघून गेला आणि मागे काहीच उरले नाही, तर ती नुसती उचल झाली. हंगामापुरता कोयता आला आणि गेला. त्याच्या खेळातले चार बारकावे दहा पोरांच्या पायांत उतरले, तर ती तालीम झाली.

घरचे पोर शिकू शकते, याचा दाखला फार दूर नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहान वयात पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. पुढे तो इंडियन सुपर लीगमध्येही उतरला. म्हणजे कोल्हापूरच्या पोरालाही घडायला पुणे लागले, जसे एकसंब्याच्या पोराला कोल्हापूर लागले होते. आपण ज्याला बाहेरचा म्हणतो, तो कुठल्या तरी आईचा, कुठल्या तरी पेठेचा घरचाच असतो. आणि आपला घरचा, दुसऱ्या गावाच्या मैदानावर बाहेरचा असतो.

श्रोतेहो, पावसाळ्यातल्या त्या चर्चेला मी कधीच रिकामटेकडी म्हणणार नाही. ती बंद पडली, तर पेठेला संघाची आणि गावाला पैलवानाची काळजी उरणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की 'कोण आला, कोण गेला' याच्या जोडीला आणखी एक प्रश्न त्या कट्ट्यावर यावा. सकाळी सहाला मैदानावर येणाऱ्या बारा वर्षांच्या पोरांना यंदा कोण शिकवतोय? त्यांच्या बुटांचे आणि दुधाचे कोण पाहतोय? हा प्रश्न जिथे विचारला जाईल, तिथल्या संघाने या मोसमात सामने हरले तरी चालतील. त्याचा पुढचा हंगाम तयार होत असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)