वर्गणीदार वाचकवर्ग

वर्गणीदार वाचकवर्ग : विक्रेत्याच्या मध्यस्थीविना, नाव-पत्त्यांच्या यादीद्वारे लेखक-संपादकाने थेट जोडलेला नियमित वाचकांचा समूह.

मराठीत ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांनी रुजवली (→ दर्पण). जवळजवळ एकहाती लेखनाचे ठळक उदाहरण म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला. १८७४ पासून तिचे ८४ मासिक अंक निघाले.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांनी अस्मितादर्श या त्रैमासिकाभोवती असा वाचकवर्ग उभारला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून हे नियतकालिक पुढे आले (→ दलित साहित्य). वर्गणी आणि टपाल यांना त्याने लेखक-वाचक मेळाव्यांची जोड दिली. हे मेळावे वेगवेगळ्या गावी भरत. छापील अंकाचा वाचक तेथे संपादकाला समोरासमोर भेटे आणि अनेक वाचक पुढे लेखक म्हणून त्याच अंकांत आले. वर्गणीदार जोडण्याच्या मराठी प्रयत्नांत हा भाग सर्वांत महत्त्वाचा मानावा लागतो.

वार्षिक व आजीव वर्गणी, नमुना अंक आणि नोंदणीकृत नियतकालिकांना मिळणारा सवलतीचा टपालदर ही छापील रूपाची अंगे होत. ई-मेल वार्तापत्रात पत्त्याची जागा ई-मेल घेतो. वाचक स्वतः नोंदणी करतो, आलेल्या दुव्यावरून ती पक्की करतो आणि हवी तेव्हा रद्द करतो. सबस्टॅकसारख्या सेवांनी (२०१७ पासून) वर्गणीवसुलीही त्यातच आणली. यादी लेखकाच्या हाती राहत असल्याने समाजमाध्यमांच्या क्रमवारीवर त्याला विसंबावे लागत नाही (→ समाजमाध्यमे; लघुनियतकालिके).