नावेच्या इंधनांतील पाणी

चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून जो जुना चांदा जिल्हा होता, त्याचें अरण्य वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या नद्यांच्या सोबतीनें वाढलेलें आहे. या नद्यांवरील मूळचें वाहन म्हणजे डोंगा. अखंड खोड कोरून केलेल्या या नावेंत पाणी शिरलें तर तें प्रथम नावाड्याच्या पायांस लागतें. तो तें उपसून टाकतो आणि पुन्हां वल्हें हातीं घेतो. डोंग्यास बाहूंचें बळ पुरतें, इंधन लागत नाहीं. म्हणून पाण्याशीं त्याचें वैर उघड व सरळ असतें. नावेवर यंत्र चढलें त्या दिवशीं मात्र पाण्याच्या शिरकावास दुसरी एक वाट मोकळी झाली. ही वाट इंधनांतून जाते, ती डोळ्यांस दिसत नाहीं, आणि ती कळते तेव्हां नाव बहुधा प्रवाहाच्या मध्यभागीं असते.

या प्रदेशांत ही गोष्ट विशेष बिकट होण्याचें कारण नद्यांच्या स्वभावांत आहे. फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत प्राणहितेचें विस्तीर्ण पात्र म्हणजे वाळू, खडक आणि मधून वाहणारी चिंचोळी धार. भार घेऊन चालणाऱ्या बोटीस पुरेसें पाणी येतें तें पावसाळ्यांत. म्हणजे ज्या ऋतूंत नदी बोटीस तोलून धरते, त्याच ऋतूंत आकाशांतून, काठावरून व हवेंतून पाणी तिच्या इंधनावर चाल करून येतें. कोरड्या ऋतूंत इंधन कोरडें असतें, परंतु तेव्हां बोट वाळूंत बसलेली असते. एकोणिसाव्या शतकांतील आगबोटींची योजना आणि आजची पूरनिवारणाची मोटारबोट यांच्यांत दीडशें वर्षांचें अंतर आहे. हा पेंच मात्र दोघींनाहि एकच आहे.

आगबोटींच्या योजनेचा वृत्तांत आज फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशांत धवळेश्वरम् येथें सर आर्थर कॉटन यांनीं १८४७ ते १८५२ या काळांत प्रसिद्ध बंधारा बांधला. आगगाडीपेक्षां जलमार्ग कितीतरी स्वस्त, असा कॉटन यांचा दृढ ग्रह होता. समुद्रापासून गोदावरीनें वर यावें, सिरोंच्यापाशीं प्राणहितेंत शिरावें, तेथून वर्धा नदी गांठावी आणि हिंगणघाटचा कापूस पडावांत भरून थेट पूर्वकिनाऱ्यास न्यावा, असा तो बेत होता. कॅप्टन हेग या इंजिनियरानें नदीची पाहणी केली. १८६० सालीं सिरोंचा हें ठाणें करून ‘अपर गोदावरी’ नांवाचा जिल्हा बनविण्यांत आला. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकाशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि या अरण्यांतील नदीकडे विलायतेचे डोळे लागले. मध्यप्रांतांचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनींहि योजनेस मोठा पाठिंबा दिला.

वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथें, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्ली येथें आणि तिसरा प्राणहितेवर अहेरीच्या बाजूस देवलमरी येथें. या ठिकाणीं बंधारे, कालवे व दरवाजे बांधून बोटी वर चढवावयाच्या होत्या. इतिहासकार या बांधकामांचें वर्णन करतात. बोटीच्या पोटांत आगीपुढें उभ्या असणाऱ्या आगवाल्याचें मात्र कोणी नांव काढीत नाहीं. वास्तविक बोट चालावयाची ती त्याच्या फावड्यावर.

अरण्यप्रदेशांतील नद्यांवर चालणाऱ्या त्या काळच्या आगबोटी बहुधा लाकूड जाळीत. अमेरिकेंतील मिसिसिपी नदीवर काठाकाठानें सरपणाचे ढीग रचून ठेवलेले असत, आणि बोट ठिकठिकाणीं थांबून तें भरून घेई. गोदावरीच्या खोऱ्यांत तर ऐन, धावडा यांसारखीं उत्तम जळणाचीं झाडें उदंड. तेव्हां इंधनाची चिंता ती कसली, असें कोणासहि वाटावें. पण लाकूड तोडल्याबरोबर तें इंधन होत नाहीं. ताज्या तोडलेल्या ओंडक्यांत वजनानें जवळजवळ निम्में पाणी असूं शकतें. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सहाशें किलोकॅलरींहून अधिक उष्णता लागते, आणि ही उष्णता बॉयलरला न मिळतां धुराड्यावाटे निघून जाते. आग मंद होते, वाफेचा दाब उतरतो, नळ्यांत काजळी धरते. शिवाय बोटीनें जें सरपण भरून घेतलें त्यांतील निम्मा भार पाण्याचाच. म्हणजे पाण्यावर तरंगणारी बोट पाणीच वाहून नेत असते! फोडलेलें लाकूड छपराखालीं, जमिनीपासून उचलून, हवा खेळेल असें रचून ठेवलें तर एका उन्हाळ्यांत त्यांतील पाणी पंचमांशाच्या आसपास येतें. तेंच उघड्यावर राहिलें तर आषाढाच्या झडीनें वरून पुन्हां भिजतें.

बॉयलरची कथा याहून निराळी नाहीं. पुराचें पाणी मातकट असतें. तें बॉयलरमध्यें घेतलें कीं पाणी वाफ होऊन जातें व गाळ तळाशीं राहतो. तो सांचूं दिला तर पत्रा तापून फुगतो आणि प्रसंगीं फुटतो. म्हणून बॉयलरच्या अगदीं तळाशीं एक तोटी असते. ठराविक वेळानें ती उघडून गाळ व गढूळ पाणी वाफेच्या जोरानें बाहेर सोडावें लागतें. ही तळाची तोटी ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण आग बदलली, इंधन बदललें, तरी ती पुढल्या बोटींतहि टिकून राहिली.

योजना बुडाली ती ओल्या लाकडामुळें नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. खडक कठीण निघाला, हिंवतापानें मजूर हैराण झाले, खर्च सात लक्ष पौंडांच्या घरांत गेला, आणि नदी वर्षांतून थोडेच महिने उपयोगी पडते हें दिसून आलें. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. मग हिंगणघाटच्या कापसास नदीची गरज उरली नाहीं. १८७१ सालीं काम सोडून देण्यांत आलें, आणि १८७४ सालीं सिरोंच्याचा मुलूख चांदा जिल्ह्यास जोडला गेला. नद्या पुन्हां डोंग्यांच्या स्वाधीन झाल्या.

मध्यंतरीं जगांत तेलाचें यंत्र अवतरलें. रुडॉल्फ डिझेल यांचें यंत्र १८९७ सालीं यशस्वी ठरलें, आणि तें ज्या जहाजावर प्रथम चढलें तें १९०३ सालचें ‘वांडाल’ हें जहाज रशियांतील व्होल्गा नदीवरचेंच होतें. आपल्याकडे पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्करांचा तेलाच्या इंजिनांचा कारखाना निघाला, आणि स्वातंत्र्यानंतर कोंकणच्या मच्छिमारी होड्यांवर डिझेल यंत्रें दिसूं लागलीं. सरपणाचा ढीग गेला व त्याच्या जागीं लोखंडी टाकी आली. टाकी बंद असल्यामुळें इंधन आतां सुरक्षित झालें, असा समज होणें स्वाभाविक होतें. पण तो समज खोटा ठरला.

पाणी टाकींत शिरतें तें मुख्यतः तीन वाटांनीं. झांकण सैल असलें, त्याची रबरी कडी झिजली असली, किंवा भर पावसांत तेल ओतलें, तर तें सरळ आंत जातें. दुसरी वाट हवेची. टाकी अर्धी रिकामी असली म्हणजे तेलाच्या वरची जागा दमट हवेनें भरते. रात्रीं पत्रा थंड झाला कीं तींतील बाष्पाचे थेंब होऊन ते भिंतीवरून खालीं ओघळतात. तिसरी वाट सर्वांत फसवी आहे, आणि दूरच्या ठाण्यांवर जेथें इंधन पिंपांत सांठवावें लागतें तेथें तीच अधिक घात करते. पिंप उभें ठेवलें तर त्याच्या वरच्या कडेच्या आंत पावसाचें पाणी तळ्यासारखें सांचतें व बूच त्यांत बुडतें. दिवसा उन्हानें आंतील हवा फुगून बुचाच्या फटींतून थोडी बाहेर पडते. संध्याकाळीं गार झालेलें पिंप श्वास आंत घेतें, पण हवेच्या ऐवजीं तें तळ्यांतील पाणी शोषतें. बूच घट्ट दिसतें, पिंपास कोठें भोंक नसतें, आणि तरीहि कांहीं दिवसांत तळाशीं पाणी निघतें. यावर उपाय अगदीं साधा: पिंप आडवें ठेवावें, दोन्ही बुचें एका आडव्या रेषेंत, म्हणजे आंतून तेलाच्या पातळीखालीं राहतील अशीं असावींत. उभें ठेवणें भागच असेल तर एका बाजूस विटेचा तुकडा देऊन तें कलतें करावें, आणि बुचें उंच बाजूस येऊं नयेत व सखल बाजूसहि येऊं नयेत, हें पाहावें.

डिझेलमध्यें पाणी विरघळतें तें दहा हजार भागांत जेमतेम एक भाग. बाकीचें पाणी जड असल्यामुळें तळाशीं जाऊन बसतें. नाव किनाऱ्यास स्थिर उभी असेपर्यंत यंत्र सुरळीत चालतें. भोंवऱ्यांत ती हेलकावूं लागली कीं तळाचें पाणी ढवळून नळींत ओढलें जातें. तेल फवारणाऱ्या पंपाचे भाग केसाहूनहि बारीक अंतरानें एकमेकांत बसविलेले असतात, आणि त्यांना वंगण मिळतें तें त्या तेलाचेंच. तेथें पाणी आलें तर ते भाग घासतात, गंजतात. यंत्र गुरगुरतें आणि बंद पडतें. पाणी व तेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु व बुरशी वाढतात हें आणखी एक संकट. ही बुरशी पाण्यांत राहते व तेल खाते. तिचा काळसर बुळबुळीत थर गाळणींत अडकून तेलाची वाट बंद करतो. पाणी नसेल तर ती जगूं शकत नाहीं.

पूरनिवारणाच्या हलक्या बोटींवर मागील बाजूस पेट्रोलचें यंत्र टांगलेलें असतें. तेथें आतां नवा प्रश्न उभा राहिला आहे. २०२५ सालीं भारतांतील पेट्रोलमध्यें मद्यार्काचें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोंचलें. मद्यार्काला पाण्याची ओढ असते. तो थोडें पाणी पोटांत सामावून घेतो व तें जळून जातें, हा एक गुणच म्हणावा. पण मर्यादेबाहेर पाणी आलें कीं मद्यार्क पेट्रोलची संगत सोडतो आणि पाण्याबरोबर तळाशीं जाऊन बसतो. डिझेलच्या टाकींतील पाणी काढून टाकलें तर वरचें डिझेल चांगलें राहतें. येथें मात्र तळाचा थर काढला तरी वरच्या पेट्रोलचा कस उतरलेला असतो. तें सगळेंच टाकून द्यावें लागतें.

हें सर्व कशासाठीं सांगावयाचें, तें भामरागडच्या लोकांस विचारावें लागत नाहीं. इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी या तीन नद्यांच्या संगमावरील हें गांव अनेक पावसाळ्यांत पुलावर पाणी चढून जगापासून तुटलेलें आहे. २०१९ सालीं तेथें एकाच पावसाळ्यांत पुनःपुन्हां पूर आला. जुलै २०२२ मध्यें गोदावरी व प्राणहिता यांच्या पुरानें सिरोंचा तालुक्यांतील कित्येक गांवें वेढलीं गेलीं. अशा वेळीं आजारी माणूस, बाळंतीण, औषधाची पेटी यांस पैलतीरीं नेण्यास बोटच उरते. डोंग्याचें वल्हें अशा लोंढ्यांत चालत नाहीं. आणि यंत्र मध्येंच थांबलें तर बोट आडवी होऊन झाडांत शिरते किंवा पुलाच्या कमानीवर आदळते.

म्हणून ज्यांच्या हातीं बोट असते त्यांनीं पाळावयाचा क्रम जुन्या आगवाल्याच्या क्रमासारखाच आहे. भरलेली टाकी रात्रभर स्वस्थ राहूं द्यावी. पहाटे, ती हलविण्यापूर्वीं, तळाच्या तोटींतून थोडें तेल काचेच्या बरणींत काढून उजेडाकडे धरावें; पाणी असेल तर खालीं स्वच्छ रेघ दिसते. तोटी नसल्यास मापकाठीच्या टोकास पाणी लागतांच रंग बदलणारा लेप लावून ती तळापर्यंत बुडवावी. ओततांना नरसाळ्यांत बारीक जाळी असावी. पूर्वींचे मोटारवाले सांबरी कातड्यांतून पेट्रोल गाळीत, कारण एकदां पेट्रोलनें भिजलेलें तें कातडें पाण्याचा थेंब खालीं जाऊं देत नाहीं. टाकींतून तेल ओढणारी नळी तळापासून बोट-दोन बोटें उंच असावी. डिझेलची टाकी पावसाळ्यांत रात्रीं भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेस जागा राहत नाहीं. पेट्रोलची गोष्ट उलट. दसरा होऊन बोट छपराखालीं गेली कीं तिची टाकी व नळ्या रिकाम्या करून वाळवाव्यात, आणि मृगाच्या आधीं ताजें पेट्रोल आणून त्याचा पहिला पेला काचेंत ओतून पाहावा.