वळिवड्याच्या बराकी

खासबाग म्हटलं की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान उभं राहतं. बेळगावकराला आठवते ती शहापूर-वडगावच्या शेजारची विणकरांची वस्ती. या दुसऱ्या खासबागेत साड्या मागावर विणल्या जातात, तरी घरात लग्न निघालं की बस्ता बांधायला सीमाभागातली कितीतरी कुटुंबं कोल्हापूरची वाट धरतात. पहाटे निघायचं, तवंदीचा घाट उतरून निपाणीत चहा घ्यायचा आणि कापडबाजार उघडायच्या वेळेला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात पोचायचं. मग दिवसभर गादीवर बसून थानामागून थान उलगडून घ्यायचं. मानापानाच्या साड्या, टोप्या-टॉवेल, नवरदेवाचा सूट. दुकानदार बहुतेक सिंधी, पण सीमेवरच्या गिऱ्हाइकाशी मराठीत सफाईनं घासाघीस करणारा.

या बाजाराखालच्या जमिनीला एक आधीचा जन्म आहे. १९४३ ते १९४८ या काळात इथे, कोल्हापूर-मिरज रेल्वेलाइनीला लागून, वळिवडे गावाच्या हद्दीत पोलंडमधल्या सुमारे पाच हजार माणसांची छावणी होती. त्यात बायका आणि मुलंच जास्त.

ती इथवर आली कशी, हे सांगायला १ सप्टेंबर १९३९ पासून सुरुवात करावी लागते. त्या दिवशी हिटलरचं सैन्य पश्चिमेकडून पोलंडमध्ये शिरलं. १७ सप्टेंबरला स्टालिनचं पूर्वेकडून. पुढच्या फेब्रुवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, पूर्व पोलंडमधल्या घरांवर रात्रीअपरात्री थापा पडू लागल्या. शेतकरी, वनरक्षक, पूर्वीचे सैनिक, शिक्षक अशांच्या कुटुंबांना सामान बांधायला जेमतेम वेळ मिळाला. मालगाडीच्या डब्यांत कोंबून त्यांना आर्खांगेल्स्ककडच्या जंगलांत आणि सायबेरियात नेलं. पुढच्या खेपा कझाकस्तानात गेल्या. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात असे चार मोठे फेरे झाले. लाकूडतोडीचा ठरलेला कोटा भरला नाही तर पाव कमी मिळायचा. घरातला कर्ता पुरुष बहुधा आधीच गुप्त पोलिसांच्या कोठडीत असायचा. तिथे रात्र-रात्र झोपू न देता उलटतपासणी चाले.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि फासे पालटले. ३० जुलैला झालेल्या करारानंतर पोलिश कैद्यांची सुटका जाहीर झाली. जनरल आंदेर्स नुकतेच मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून बाहेर पडले होते, त्यांच्याकडे नवी फौज उभी करायचं काम आलं. फौजेच्या मागोमाग कुटुंबंही दक्षिणेला सरकली. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले, त्यातले पस्तीस हजारांहून अधिक साधे नागरिक होते. किनाऱ्यावर त्यांचं डोकं भादरलं जाई आणि उवांच्या आणि टायफसच्या भीतीनं अंगावरचे कपडे जाळले जात. अनेक जण किनाऱ्यावर पोचूनही वाचले नाहीत. वाचलेली मुलं पुढे कित्येक दिवस पावाचे तुकडे गादीखाली लपवून ठेवत होती.

इराणातून कराची आणि कराचीतून पुढे. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी आश्रम उभा केला, ती गोष्ट आता बरीच माहीत आहे. कोल्हापूरची मात्र कमी सांगितली जाते, आकड्यात ती कितीतरी मोठी असूनही. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा शिवाजी नावाचे बालमहाराज होते, वय जेमतेम दीड वर्ष. संस्थानानं जागा दिली, हिंदुस्थान सरकार आणि मुंबईतली पोलिश वकिलात यांनी मिळून छावणी उभारली. १९४३ च्या उन्हाळ्यानंतर गाड्या भरभरून येऊ लागल्या.

बराकी लांबलचक आणि कौलारू होत्या, भिंती चटयांच्या. पण छावणीची मांडणी कैद्यांच्या बराकीसारखी नव्हती. प्रत्येक कुटुंबाला वेगळ्या खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी मिळाली. सायबेरियात एका खोलीत तीन-तीन कुटुंबांसोबत दिवस काढलेल्या बाईला आपलं दार आपण लावता येणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पडवीपुढे फुलांचे वाफे आले. चर्च उभं राहिलं, त्याला पोलिश संत आंद्रेय बोबोला यांचं नाव दिलं. दवाखाना, प्राथमिक शाळा, हायस्कूल, शिवणकामाचे वर्ग, सहकारी दुकान, नाटकाचा रंगमंच असं करता करता पंचगंगेच्या काठी एक पोलिश गाव वसलं. क्षयाची भीती असलेल्या आणि खंगलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत पाठवत.

शाळेचा बोजा मोठा होता. दोन-तीन वर्षं अक्षर न गिरवलेली मुलं आता एकाच वर्गात वेगवेगळ्या वयाची बसत होती. तरी तास घंटेवर सुरू होत, घंटेवर संपत. पोलिश भाषा आणि पोलंडचा इतिहास शिकवला जाई, कारण युद्ध संपलं की घरी जायचंच आहे, असं सगळे धरून चालले होते.

मुलांच्या स्काउट पथकांना घडवायला जो तरुण अधिकारी आला, त्याची कथा या छावणीच्या इतिहासात वेगळी आहे. झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हा कोझेल्स्कच्या युद्धकैदी छावणीत होता. १९४० च्या वसंतात तिथल्या चार हजारांहून अधिक पोलिश अधिकाऱ्यांना कातिनच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. वाचलेल्या मोजक्यांत तो होता. आंदेर्सच्या फौजेतून तो वळिवड्याला आला आणि मुलांना तंबू ठोकायला, शेकोटीभोवती गाणी म्हणायला शिकवू लागला. सोबती गमावलेला माणूस आणि बाप गमावलेली मुलं. युद्धानंतर तो धर्मगुरू झाला आणि कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांचा आधार म्हणून ओळखला गेला.

छावणीतल्या बायकांचं लक्ष टपालाकडे असे. नवरे, भाऊ, मोठे मुलगे आंदेर्सच्या फौजेबरोबर इटलीत लढत होते. १८ मे १९४४ ला मोंते कासिनोच्या मठावर पोलिश झेंडा लागला, त्याची किंमत इथल्या काही घरांनी मोजली. ही पोलिश फौज ज्या ब्रिटिश आठव्या आर्मीत होती, तिच्यातच बेळगावचं केंद्र असलेल्या मराठा पलटणीही होत्या. १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे तिबेरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या एकाच रणांगणावरून निघालेल्या वाईट तारा वळिवड्याच्या बराकीत आणि कोकण-देशावरच्या खेड्यांत जात होत्या.

छावणीतल्या या लोकांसारख्या छळ सोसलेल्या माणसांना सावरण्याचं शास्त्र तेव्हा जन्मलंच नव्हतं. आघातोत्तर मानसिक तणावाच्या विकाराला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत नाव मिळालं १९८० मध्ये. छळपीडितांसाठीचं पुनर्वसन केंद्र डॉ. इंगे गेनेफ्के यांनी कोपनहेगनमध्ये १९८२ साली उभारलं. संयुक्त राष्ट्रांनी छळविरोधी करार १९८४ मध्ये स्वीकारला. भारतानं त्यावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवून त्याचा शोक, मग माणसांत परतणं.

ही मोजपट्टी वळिवड्याला लावली तर पहिला टप्पा भरभरून दिसतो: दार, चूल, दवाखाना, शाळेची घंटा. तिसराही दिसतो, चर्च, नाटक, स्काउट हे सगळं माणसांत परतणंच होतं. अडला तो मधला. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड रशियाकडे गेला आणि ज्या घरी परतायचं ते परदेशात जाऊन पडलं. त्याच वर्षी जुलैत ब्रिटन-अमेरिकेनं लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. आता बोलायचं ते कुणाजवळ? ज्याच्या कोठडीतून सुटून आलो तोच जेत्यांच्या पंक्तीत पहिल्या पानावर बसलेला. पोलंडला परतलेल्यांना तिथल्या नव्या राजवटीत सायबेरियाचं नाव काढायची सोय नव्हती. कातिन आपणच केलं, हे मॉस्कोनं कबूल केलं ते १९९० मध्ये.

१९४७-४८ मध्ये छावणी रिकामी होत गेली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, कुणी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत, थोडे मायदेशी. जे इथेच मेले ते कोल्हापूरच्या दफनभूमीत राहिले.

त्याच काळात फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं रिकाम्या बराकींत शिरली. सिंधमधून आलेल्या माणसानं कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन सुरुवात केली आणि कॅम्पाचं गांधीनगर झालं. एका निर्वासितानं टाकलेली चूल दुसऱ्यानं पेटवावी, असा हा कोल्हापूर-बेळगाव रस्ताच आहे. तो बेळगावच्या पुढे दक्षिणेला हुबळीवरून गेला की मुंडगोडची तिबेटी वसाहत लागते. ती १९६६ मधली. हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी गावोगावी दिसतात, त्यांच्या समाजातही तुरुंगाच्या खुणा अंगावर घेऊन आलेली माणसं आहेत. भिक्षू पाल्देन ग्यात्सो यांनी तेहतीस वर्षं चिनी कैदेत काढली आणि सुटल्यावर, १९९२ मध्ये, छळाची हत्यारं सोबत घेऊन ते भारतात आले.

वळिवड्याच्या मुलांनी मात्र पांगतानाही धागा तोडला नाही. लंडनमध्ये त्यांनी भारतातल्या पोलिशांची संघटना काढली, मेळावे भरवले, आठवणींचा जाडजूड ग्रंथ केला. पन्नास वर्षांपूर्वी न बोललेलं त्यात बोललं गेलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला, आणि वॉर्सोतही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे फुलं वाहिली. त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, छावणीत लहानाचे मोठे झालेले काही जण ऐंशी-नव्वदीच्या वयात पुन्हा इथे आले होते.

त्यांच्या वेळच्या बराकी आता जवळजवळ राहिलेल्या नाहीत. त्या जागी शटरं, गोदामं, टेम्पो आणि थानांचे ढीग. संध्याकाळी बस्त्याची गाठोडी गाडीच्या टपावर बांधून खासबागेची मंडळी निपाणीच्या दिशेनं निघतात. पलीकडे लाइनीवर मिरजेची गाडी जाते आणि फलाटावरची पाटी क्षणभर दिसते: वळिवडे.