पैवस्तीची ओळ : हुजूर दफ्तराची रोजची निगा

कसबा पेठेतील एखाद्या छोट्या संस्थेचा ई-मेल सर्व्हर सांभाळणारा माणूस रोज काय करतो? अडकून पडलेले संदेश मार्गी लावतो, भरत आलेली डिस्क मोकळी करतो, जुने टपाल वेगळ्या जागी हलवतो, नोंदी चाळतो, प्रत काढून ठेवतो. हे काम बिनचूक झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. याच पेठेच्या पश्चिम अंगाला शनिवारवाडा आहे. तेथून ज्या राज्याचा कारभार चाले, त्याच्या हुजूर दफ्तरात हेच काम दोनशेहून अधिक कारकून करीत असत.

त्या काळचे टपाल जासूद नेत, बहुधा जोडीने. पत्र हाती आले की ते कोणत्या दिवशी पोहोचले याची नोंद त्याच पत्रावर होई. तिला पैवस्ती म्हणत. लिहिल्याची मिती एक, पैवस्तीची दुसरी. या दोहोंमधले अंतर हे इतिहासाच्या अभ्यासकाला मिळालेले मोठेच धन आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, आणि तिची वार्ता माळव्यात भेलशाकडे असलेल्या नानासाहेबांना सुमारे दहा दिवसांनी कळली. त्या दहा दिवसांतले निर्णय पोहोचलेल्या बातमीवर झाले, घडून गेलेल्या घटनेवर नव्हे. ई-मेलच्या शीर्षभागातही प्रत्येक सर्व्हर संदेश मिळाल्याची वेळ अशीच नोंदवतो.

मोर्तबाची गोष्ट तर याहून रंजक. पत्राचा मजकूर संपला की तेथे एक छोटा शिक्का उठवीत. त्यावर ‘लेखनसीमा’ अशा अर्थाची अक्षरे असत. हेतू एवढाच, की त्याखाली कोणी मागाहून ओळ घुसडू नये. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी या टपाल-पद्धतीचे नियम लिहिले, तेव्हा संदेश कोठे संपतो हे यंत्राला सांगण्यासाठी त्यांनी एका ओळीवर एकटाच पूर्णविराम ठेवला. अर्थात तो पूर्णविराम लबाडी रोखू शकत नाही. मोर्तब त्या बाबतीत अधिक हुशार होते.

दफ्तराची खरी मेहनत मात्र पत्र वाचून झाल्यावर सुरू होई. दैनंदिन व्यवहार फडात नोंदले जात आणि त्यावर फडणिसाची थेट देखरेख असे. परगण्यांचे हिशेब बेहेड्याकडे जात. जुने कागद एकबेरीज दफ्तरात येत. तेथे त्यांची वर्गवारी होई, खतावणी होई, आणि वर्षाच्या जमा-खर्चाचा गोषवारा म्हणून तर्जुमा तयार केला जाई. मग कागद रुमालात, म्हणजे कापडी बस्त्यात, बांधले जात. नाना फडणीस यांची ख्याती मुत्सद्दी म्हणून आहे. मला मात्र त्यांच्या राजकारणाइतकीच ही शिस्त मोलाची वाटते.

ही शिस्त मोडली ती युद्धाने नव्हे. १७९६ मध्ये दुसरा बाजीराव गादीवर आला, १८०० मध्ये नाना वारले. पुढे इंग्रज अधिकारी मॅक्लिओड याने दफ्तराविषयी लिहिताना नोंदवले, की नानांच्या काळापर्यंत कागद उत्तम व्यवस्थेत होते. बाजीरावाच्या काळात मात्र कारकुनांची आस्थापना जवळजवळ मोडीत निघाली आणि कागदांवर कोणाचा धरबंध उरला नाही. पैसा वाचवायचा तर प्रथम असलीच माणसे कमी केली जातात, कारण ती गेली तरी दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही. मॅक्लिओड हा जेत्यांच्या बाजूचा साक्षीदार होता, हे ध्यानात ठेवायला हवे. तरी ज्या दफ्तरावर नव्या राज्याचा महसूल ठरणार होता, त्याची अवस्था बारकाईने पाहण्याची गरज त्याला होती.

याची किंमत दरबाराने नव्हे, गावोगावच्या घरांनी मोजली. १८१८ नंतर जमिनीचा सारा ठरवताना इंग्रजांनी इनामांची चौकशी आरंभली; १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला. आजोबांना जमीन मिळाली हे तोंडी सांगून भागेना. सनद दाखवा, दफ्तरात नोंद दाखवा. नोंद निघाली तर इनाम टिकण्याची आशा. न निघाली तर जप्तीची टांगती तलवार. पन्नास वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने एक कागद योग्य रुमालात बांधला होता की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचे शेत अवलंबून राहिले.

जे वाचले, त्यातून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. मूळ रुमाल पुणे पुराभिलेखागारात आहेत, हजारोंच्या संख्येने. त्यांतला एखादा सोडून मोडी पत्र उलगडले, की मजकुराआधी नजर पैवस्तीच्या त्या आखूड ओळीकडे जाते. ती ज्याने लिहिली, त्याचे नाव पत्रावर नसते.